बेचाळिसावा किलोमीटर

काटेसाहेबांचा उजवा हात बेचाळिसाव्या किलोमीटरला मरत असे. एक्केचाळीसला नाही, त्रेचाळीसला नाही. आधी करंगळीला मुंग्या यायच्या, मग तिच्या शेजारणीला, आणि बेचाळीसचा दगड दिसला की मनगटापासून पुढचा सगळा हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा मोटारसायकलच्या मुठीवर पडून राहायचा. बाईंच्या गावाला जायचं म्हणून त्यांनी तीन वेळा गाडी काढली होती, आणि तिन्ही वेळा त्या दगडापासून हात चोळत, झटकत, त्यावर फुंकर घालत ते परत फिरले होते. बाईंचं गाव एकशेअठरा किलोमीटरवर होतं.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं वजनमापांच्या खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, म्हणून इमारतीने त्यांना ते नाव दिलं, आणि निवृत्तीनंतरही ते त्यांना चिकटून राहिलं. माणूस सज्जन, पण भित्रा. भित्रा म्हणजे किती, तर बाहेर पडताना गॅस बंद आहे का ते तीनदा पाहायचे, आणि तिसऱ्यांदा पाहताना आपला धक्का लागून तो सुरू तर झाला नसेल ना, म्हणून चौथ्यांदा पाहायचे. देवाने काही माणसांना भीती जरा हात सैल सोडून दिलेली असते. त्यात त्यांचा दोष नसतो.

बाई म्हणजे काकूंच्या, काटेसाहेबांच्या बायकोच्या, शाळेतल्या बाई. कविता शिकवायच्या. आता एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचं पत्र आलं, बोटभर मोठ्या अक्षरांत: 'एक कान गेला. दुसरा जायच्या वाटेवर आहे, डॉक्टर महिनाभराचं म्हणतात. तो आहे तोवर ये. तुझ्या तोंडून एक कविता ऐकायची आहे. नंतर आलीस तर नुसती दिसशील.'

काकूंनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि देवापाशी ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. एक तर त्या मुळातच हळू बोलणाऱ्या, आणि दुसरं म्हणजे अजून नऊ वाजले नव्हते. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. आधी देवाशी बोलावं, मग माणसांशी, असं बाईंनीच शाळेत सांगितलं होतं. बाकीच्या मुलींनी तो आठवडाभर पाळला. काकूंनी चव्वेचाळीस वर्षं पाळला. दूध उतू गेलं तर त्या ओट्यावर चमचा वाजवत. साहेब न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा त्यांनी शेजारच्या दारावर चमचा वाजवला. जोरात वाजवला, पण चमचाच.

बसने जावं, तर काकूंना बस लागायची. बसच काय, चारी बाजूंनी बंद असलेलं काहीही लागायचं. काच उघडून पाहिली, लिंबू हुंगून पाहिलं, पुढच्या सीटवर बसून पाहिलं. दुसऱ्या वळणावर व्हायचं ते व्हायचंच. आगगाडी बाईंच्या गावाला जात नव्हती. उरली मोटारसायकल. मोटारसायकलवर मागे बसून काकू जगाच्या टोकाला गेल्या असत्या. प्रश्न होता तो पुढे बसणाऱ्याचा.

"हात कशाला वापरता, साहेब?" शेजारचे कर्नल म्हणाले. कर्नल सैन्यात कधीच नव्हते; गणवेश शिवायच्या कारखान्यात होते. पण तीस वर्षं गणवेशांच्या सहवासात काढल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीची भीती वाटत नसे, विशेषतः ती दुसऱ्याने करायची असली तर. "थ्रॉटल लॉक बसवा. रेसची मूठ हवी तितकी पिळली, खटका दाबला, की मूठ तिथेच राहते. मग हात मांडीवर ठेवा आणि गाणं म्हणत जा."

"आणि थांबायचं असलं तर?"

"थांबायचं कशाला? तुम्हाला बाईंच्या गावाला जायचंय ना?"

साहेबांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. मूठ तिथेच राहते, म्हणजे गाडी तशीच जात राहते. टाकीत अकरा लिटर पेट्रोल. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर. म्हणजे चारशे पंचाण्णव किलोमीटर, न थांबता. त्यांनी घास हातात धरून काकूंकडे पाहिलं. "अगं, आपण बाईंच्या गावातून नुसतेच निघून जाऊ. त्यांना तू दिसशीलसुद्धा नाही, नुसती गेलेली दिसशील."

"भाजी घेता का?" काकू म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि शिकणारे संपले तरी त्यांचं शिकवणं संपलं नव्हतं. त्यांच्या मते खटकाबिटका हा अडाणीपणा होता. "तत्त्व समजून घ्या. मूठ आवळायला बोटं लागतात. दाबायला तळहात पुरतो. मुठीवर एक पट्टी बसवायची, जिभेसारखी बाहेर आलेली. तळहाताने ती दाबून ठेवली की झालं. बोटांना विश्रांती."

पट्टी आली. एवढुशी, काळी, प्लॅस्टिकची. बसवायला दोन मिनिटं लागली. साहेबांनी इमारतीच्या आवारातच चाचणी घ्यायचं ठरवलं, कारण रस्त्यावर वाहनं असतात. हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, आणि थंडी नसताना जाड स्वेटर घातला, कारण पडलो तर तेवढंच कमी खरचटेल. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, क्लच धरून ठेवला, आणि पुढे काही टाकायचं राहिलंय का याचा विचार करत बसले. त्या विचारात त्यांनी घड्याळ पाहायला उजवा हात उचलला. स्वेटरची बाही त्या पट्टीत अडकली. पट्टी दाबली गेली, इंजिन गुरगुरलं, साहेब दचकले, आणि दचकलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदा सुटतो तो क्लच.

गाडी साडेचार मीटर गेली. हे अंतर नंतर त्यांनी स्वतः फीत लावून मोजलं. वाटेत दोरीवर वाळत घातलेली कर्नलांची चादर होती, ती त्यांनी डोक्यावर घेतली, आणि चादरीसह ते डागडुजीसाठी आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगात शिरून स्थिर झाले. आतून काहीच दिसत नव्हतं. आपण आता वर गेलो, असं त्यांना वाटलं. सगळीकडे पांढरं होतं आणि साबणाचा वास येत होता.

"लागलं का हो?" गॅलरीतून कर्नलांनी विचारलं.

"नाही, नाही, ठीक आहे," साहेब चादरीतून म्हणाले.

"तुम्हाला नाही, चादरीला विचारतोय. नवी आहे."

या अपमानाने दुसरा कुणी थांबला असता. साहेबही थांबणार होते. पण घरात आले तर काकू खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होत्या. साहेबांना वाटलं जप चाललाय. जवळ जाऊन ऐकलं तर ती एक कविता होती. मध्येच एक ओळ अडत होती, मग काकू डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. साहेब आले तसे मागे फिरले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. महिन्याचे अठरा दिवस उरले होते.

पट्टी गेली, आणि कर्नलांची रबराची कडी आली. बरणीच्या झाकणाची. ती मूठ आणि दांड्याचं टोक यांच्यामध्ये ताणून बसवायची, म्हणजे मूठ आपोआप मागे फिरत नाही. कर्नलांनी ती स्वतः बसवली, दोन पाय फाकवून, दात ओठ खाऊन. "बघा आता, सोडली तरी मूठ हलायची नाही." हे मात्र अगदी खरं ठरलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. गाडी जिन्याखाली न्यूट्रलमध्ये उभी होती. साहेबांनी मूठ अर्धी पिळली, सोडली, आणि मूठ हलली नाही. मग त्यांनी ती उलटी फिरवायचा प्रयत्न केला. ती तरीही हलली नाही.

जिन्याखालच्या त्या बंदिस्त जागेत इंजिन असं किंचाळायला लागलं की चारही मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले. साहेब गाडीला दोन्ही हातांनी कवटाळून उभे होते, जणू ती एकटीच पळून जाणार होती.

"लाल बटण दाबा!" वरून प्राध्यापक.

"कडी कापा! कात्री आणा!" कर्नल.

"पाणी ओता!" असं कुणीतरी म्हणालं. ते कोण, हे अखेरपर्यंत कळलं नाही.

साहेबांना इंजिन बंद करायचं ते लाल बटण माहीत होतं. रोज दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाला सगळं जग एकाच रंगाचं दिसतं. तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या. हातात डाव होता. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. शांतपणे हात पुढे केला, किल्ली फिरवली, आणि इंजिन गप्प झालं. मग त्या डाव घेऊन वर निघून गेल्या. नऊ वाजायला पंचवीस मिनिटं बाकी होती, त्यामुळे नवऱ्याविषयी त्यांचं मत काय झालं ते कुणाला कळलं नाही. साहेबांना मात्र ती पंचवीस मिनिटं पंचवीस वर्षांसारखी गेली. आणि नऊ वाजल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "चांगला मिस्त्री बघा."

मिस्त्री चांगला होता. तेलकट हात, कमी बोलणं. साहेबांनी त्याला विचारलं, हल्ली गाड्यांना क्रूझ कंट्रोल असतं म्हणतात, वेग एकदा ठरवला की गाडी स्वतःच सांभाळते, आणि ब्रेकला हात लागला की आपोआप सुटते, तसं काही? ब्रेकला हात लागला की आपोआप सुटतं, हे त्यांना फार आवडलं होतं. मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"याला कंप्यूटर लागतो, साहेब. तुमची गाडी तारेवर चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मूठ पिळता, तार ओढली जाते, गाडी पळते. मध्ये डोकं कुणाचंच नाही. फक्त तुमचं."

ही बातमी साहेबांना धीर देणारी नव्हती.

शेवटी मिस्त्रीने एक पितळी लॉक काढला. अंगठ्यापाशी छोटा खटका. दाबला की मूठ आहे तिथे धरली जाते; वर ढकलला की सुटते आणि स्प्रिंगने आपोआप बंद होते. आणि समजा खटका अडकलाच, तरी हाताने जोर लावला की मूठ फिरते, कारण लॉक तिला नुसता घट्ट धरतो, बांधून ठेवत नाही. मिस्त्रीने हे करून दाखवलं. साहेबांनी स्वतः करून पाहिलं. अठ्ठावीस वेळा. मिस्त्रीने मधल्या वेळात दुसऱ्या एका गाडीचं तेल बदललं.

बाकावर बसलेल्या काकूंनी एकच प्रश्न विचारला. "सुटलंय की नाही, हे मागे बसणाऱ्याला कसं दिसेल?"

"अगं, मागे बसणाऱ्याला कशाला दिसायला हवंय?" साहेब दुखावले.

मिस्त्री मात्र पहिल्यांदाच हसला. "हा लाल ठिपका बघा, वहिनी. दिसला तर लागलेलं. दिसला नाही तर सुटलेलं. खांद्यावरून वाकून पाहिलंत तर दिसेल."

काकूंनी मान डोलावली.

आता जायला काहीच हरकत नव्हती. म्हणजे तुम्हा-आम्हाला नव्हती. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांकडे कागद मागितला, त्याला स्वतः बिनकागदाचं कसं फिरवेल? गाडीला अशी वस्तू बसवणं म्हणजे वाहनातला फेरफार, आणि फेरफाराला परवानगी लागते, असं त्यांना रात्रंदिवस वाटायला लागलं. कुणी अडवलं तर? ते वाहन कार्यालयात गेले.

"कोणी विचारलंय तुम्हाला?" पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग तुम्ही आम्हाला का विचारताय?"

पहिल्या खिडकीने तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिसऱ्या खिडकीतल्या मॅडमनी चष्मा पुसला. "काढता येतं का ते?" येतं, म्हणाले साहेब. "मग काढून आणा, बघते." त्यांनी मिस्त्रीकडून काढून आणलं. मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे नुसतं बघून काय कळणार? बसवल्यावर कसं दिसतं?" त्यांनी बसवून आणलं. तोपर्यंत मॅडम रजेवर गेल्या होत्या. असं करत करत महिन्याचे चार दिवस उरले. काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "झालं?" आणि साहेब सांगायचे, "होतंय." मग एक दिवस काकूंनी विचारणं सोडलं. त्यांनी कविता म्हणणंही सोडलं. ते मात्र साहेबांना कुठल्याही लॉकपेक्षा भीतिदायक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या खिडकीसमोर उभे राहिले आणि हलेचनात. कागद हातात पडला तेव्हा कार्यालयाचे दिवे बंद होत होते. त्यावर लिहिलं होतं: 'सदर वस्तूस परवानगीची आवश्यकता नसल्याने परवानगी देण्यात येत नाही.' साहेबांनी तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला.

सकाळी बरोबर आठला ते निघाले. नेहमी आठलाच निघायचे; त्याआधी रस्त्यावर धुकं असतं आणि त्यानंतर माणसं. शर्टाच्या डाव्या खिशात कागद, उजव्या खिशात रक्तगट आणि प्राध्यापकांचा फोन नंबर. कर्नलांचा मुद्दामच नाही. मागे काकू, मांडीवर पिशवी, ओठ मिटलेले. बाहेर पडताना कर्नलांनी गॅलरीतून सलाम ठोकला. रणांगणावर जाणाऱ्याला ठोकतात तसा.

गावाबाहेर सरळ रस्ता लागला. साहेबांनी गाडी पन्नासवर आणली. एकोणपन्नास नाही, एक्कावन्न नाही. देवाचं नाव घेतलं आणि अंगठ्याने खटका दाबला. काही झालं नाही. मूठ राहिली. गाडी जात राहिली. शेतं मागे जात होती, झाडं मागे जात होती. आता हात उचलून मांडीवर ठेवायचा आणि गाणं म्हणायचं.

साहेबांनी हात उचलला नाही.

उचलतो, म्हणाले मनात, पण तो पूल जाऊ दे. पूल गेला. तो ट्रक जाऊ दे. ट्रक गेला. मग एक कुत्रं रस्त्याच्या कडेला बसलेलं दिसलं, आणि कुत्र्याचं काही सांगता येत नाही. लॉक मूठ धरून होता, आणि साहेब लॉक धरून होते. उलट, लॉक आहे म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा जास्तच आवळून धरलं होतं, कारण सुटलं तर? आणि न सुटलं तर? जीव मुठीत धरणं आपण नुसतं बोलतो. साहेबांनी तो खरोखर धरला होता, उजव्या मुठीत, तासाला पन्नास किलोमीटर वेगाने.

पस्तिसाव्या किलोमीटरला करंगळीला मुंग्या आल्या.

एक्केचाळीसचा दगड गेला आणि रस्ता उताराला लागला. उताराच्या तळाशी रेल्वेचं फाटक होतं. घंटा वाजायला लागली, लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि फाटकाचा दांडा थरथरत खाली यायला लागला. साहेबांच्या अंदाजाने अंतर सव्वातीनशे मीटर. त्यांनी अंगठ्याने खटका वर ढकलला. ढकलला असं त्यांना वाटलं. अंगठा आता त्यांना नीटसा कळत नव्हता. गाडीचा वेग कमी झाला नाही.

पुन्हा ढकलला. गाडी उतारावर जास्तच पळायला लागली. साहेबांच्या पाचावर धारण बसली. पायाने ब्रेक दाबला. गाडी अडवलेल्या बैलासारखी थरथरली, पण इंजिन पुढे ओढतच राहिलं. पुढचा ब्रेक उजव्या हाताशी होता, पण तो हात उघडेल तर ना. डाव्या हाताशी क्लच होता. तो त्यांना संध्याकाळी आठवला.

"अडकलं!" ते ओरडले. "अगं, अडकलं! लॉक अडकला! सुटत नाही!"

दीडशे मीटर. फाटक आडवं झालं होतं. दूर आगगाडीची शिट्टी ऐकू आली. चारशे पंचाण्णव किलोमीटरचा हिशोब चुकला, असा एक विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला; प्रवास बेचाळीसचाच होता.

मागून काकू पुढे सरकल्या. त्यांची हनुवटी साहेबांच्या उजव्या खांद्यावर टेकली. त्यांनी वाकून मुठीकडे पाहिलं. मग हेल्मेटला हेल्मेट टेकलं, आणि साहेबांच्या कानात एक हळू आवाज आला, मीठ संपलंय हे सांगावं त्या आवाजात.

"ठिपका नाहीये. हात सोडा."

साहेबांना त्या आवाजाचाच धक्का बसला. ते घाबरायचे थांबले नाहीत, पण घाबरायचं कशाला, याविषयी क्षणभर गोंधळले. आणि त्या क्षणात हात सुटला.

मूठ टक् करून आपली आपण मागे फिरली. इंजिन एकदम निवांत झालं. पायाखालचा ब्रेक लागला, गाडी किंचाळत, तिरकी होत, फाटकापाशी येऊन थांबली. पुढचं चाक आणि दांडा यांच्यात एक वीत अंतर होतं. लॉक केव्हाच सुटला होता. अडकले होते ते साहेब.

आगगाडी धडधडत समोरून गेली. एकवीस डबे. ते मोजल्यावर साहेबांनी घड्याळ पाहिलं. आठ वाजून बावन्न मिनिटं.

"अगं," ते वळून म्हणाले, "तू बोललीस."

काकूंनी मान खाली घातली. ओठ पुन्हा मिटलेले होते.

फाटकवाला हातात निशाण घेऊन तणतणत आला. "काय हो आजोबा? वर जायची एवढी घाई?"

साहेबांनी डाव्या हाताने खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणापुढे गुन्हेगार म्हणून उभे होते. फाटकवाल्याने कागद वाचला, प्लॅस्टिक उन्हात तिरपं करून पुन्हा वाचला.

"परवानगी देण्यात येत नाही, असं लिहिलंय की यात."

"नाही, ते लागत नाही म्हणून देत नाहीत."

"मग दाखवताय कशाला?" त्याने काकूंकडे पाहिलं. "मावशी, हे असेच असतात का?"

काकू काही बोलल्या नाहीत. फाटकवाल्याने याचा अर्थ हो असा घेतला, तो बरोबरच होता. त्याने साहेबांना आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. फाटक उघडलं. आठ मिनिटं साहेब हात चोळत बसले आणि काकू डोळे मिटून बसल्या. आपल्यामुळे चव्वेचाळीस वर्षांचा नेम मोडला, या विचाराने साहेबांनी पाण्याचा पेला तसाच बाकावर ठेवला. खोलीतल्या घड्याळात नऊ वाजले.

काकूंनी डोळे उघडले. "मागच्या तिन्ही वेळेलाही तुम्ही मूठ अशीच धरली होतीत," त्या म्हणाल्या. "हात गाडीमुळे जात नाही हो. तुम्ही घालवता."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"बेचाळिसावा किलोमीटर नेहमी नवाच्या आत यायचा."

"अगं, पण नवानंतर?"

काकूंनी पिशवीचे बंद सारखे केले. "नवानंतर तुमचा हात दुखत असायचा. दुखत्या माणसाला तुझीच चूक आहे म्हणून कसं सांगायचं?"

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. बेचाळीसचा दगड फाटकाच्या पलीकडे दहा पावलांवर होता. घर एकीकडे होतं, बाई दुसरीकडे. ते उठले, गॅस पाहतात तसा खटका चार वेळा पाहिला, आणि म्हणाले, "बस."

बाईंनी डावा कान पुढे करून दार उघडलं. पाठ वाकलेली, आवाज मात्र वर्गातला. काकू बाकी काही बोलायच्या आत साहेबांनी सगळं सांगून टाकलं, मोठ्या आवाजात, लॉक, फाटक, ठिपका आणि नेम. "माझ्यामुळे मोडला, बाई. आठ मिनिटांसाठी."

"काय बोललीस गं?" बाईंनी विचारलं.

"ठिपका नाहीये, हात सोडा. एवढंच."

बाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "चव्वेचाळीस वर्षांनी एकदा मोडायचा, आणि तोही एवढ्यावर भागवायचा? मी असते तर चांगली दहा मिनिटं बोलून घेतलं असतं याला." डोळे पुसून त्यांनी खुर्ची ओढली. "ये. इकडे, या बाजूला बस. आता म्हण."

काकू त्यांच्या डाव्या कानाशी बसल्या आणि कविता म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, त्यांना मोठ्याने येतच नाही. साहेब दारात उभे होते, त्यांना अर्धी ऐकू आली नाही. बाईंना सगळी ऐकू आली. अडणाऱ्या ओळीपाशी काकू थांबल्या, तेव्हा बाईंचे ओठ हलले, आणि ती ओळ दोघींनी मिळून म्हटली.

परतताना दुपार होती. निघण्यापूर्वी काकूंनी एकच अट घातली. मी खांद्यावर टिचकी मारली की हात उचलायचा, आणि बोटं पसरून मला दाखवायची. न दाखवल्यास पुन्हा टिचकी.

साहेबांनी गाडी पन्नासवर आणली, खटका दाबला. ठिपका दिसायला लागला. पहिली टिचकी बसली. त्यांनी डोळे मिटावेसे वाटत असतानाही न मिटता हात मुठीवरून सोडला, वर केला, पाचही बोटं पसरली. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं, आपल्यालाच हात केला. त्याने हॉर्न वाजवून हात केला. दुसरी टिचकी, आणि एका बसमधली अर्धी माणसं खिडकीतून हात करायला लागली. मग सायकलवाला. मग शेतातून मान वर करून पाहणाऱ्या तिघी बायका. काटेसाहेब आयुष्यात इतक्या लोकांना कधी आवडले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता, जीभ कोरडी होती, आणि दर टिचकीला हात वर जात होता.

फाटकापाशी आले तेव्हा ते उघडंच होतं. फाटकवाला बाकावर बसला होता. टिचकी बसली, साहेबांनी हात वर केला. फाटकवाला उठून उभा राहिला, आणि त्याने पूर्ण इतमामाने हिरवं निशाण दाखवलं.

आगगाडी नसताना निशाण दाखवणं नियमाला धरून नाही, अशी साहेबांनी खात्यातल्या सवयीने मनात नोंद केली. आणि हात आणखी थोडा वर नेला.